जनाची लाज आणि मनाची लाज

नृसिंहवाडीच्या घाटावर सकाळच्या वेळी थोडा वेळ उभे राहिले असता एक गोष्ट दृष्टीस पडते. परंतु ती नित्याची असल्यामुळे तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पंचगंगा जेथे कृष्णेस मिळते, त्या संगमाजवळच्या पायऱ्यांवर यात्रेकरू आपले कपडे, वहाणा व पिशव्या ठेवितात. कोणी मनगटावरचे घड्याळ काढून सदऱ्याच्या घडीत दडवितो, कोणी पैशांचे पाकीट पंचात गुंडाळितो, आणि मग सर्वजण पाण्यात उतरतात. बुडी मारतेवेळी डोळे मिटलेले असतात, आणि सूर्यास अर्घ्य देतेवेळी पाठ घाटाकडे असते. तेवढ्या अवधीत त्या वस्तूंवर पहारा कोणाचा असतो? शेजारच्या पायरीवर बसलेला मनुष्य परक्या गावचा असतो. त्याचे नाव ठाऊक नसते, आणि अर्ध्या तासाने तो पुन्हा दिसणारही नसतो. एक हात लांब केला की काम झाले! तरीही बहुतेक गाठोडी जेथल्या तेथे राहतात. पौर्णिमेच्या किंवा दत्तजयंतीच्या दाटीत एखादे नाहीसे होतही असेल; परंतु आम्हांस आश्चर्य वाटते ते नाहीशा झालेल्या एका गाठोड्याचे नव्हे, न हललेल्या शंभरांचे.

मनुष्य गुन्हा का करितो, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. मनुष्य गुन्हा का करीत नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारितो. वास्तविक दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून पहिल्याचे मिळणे कठीण आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच दिशेने थोडा विचार करणार आहोत. आणि त्यास निमित्तही वाडीचेच झाले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही विद्यार्थ्यांसह संगम, घाट व नदीकाठची शेती पाहण्याकरिता नृसिंहवाडीस गेलो होतो. परतण्यापूर्वी मुलांनी बाजारातील एका दुकानातून कवठाची बर्फी व पेढे घेतले. तीनशे चाळीस रुपये झाले. मुलांचा खजिनदार नववीतील एक विद्यार्थी होता. त्याने पाचशेची नोट दिली. गल्ल्यावर पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा बसला होता. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली होती. त्या गडबडीत पोराने एकशे साठ रुपये परत केले, आणि त्यांच्या घडीत आमचीच पाचशेची नोटही परत दिली. खजिनदाराने न मोजताच सारे खिशात घातले. गाडी शिरोळच्या वाटेस लागल्यावर त्याने हिशेब मांडला, तेव्हा बर्फीचे पुडे हातात असून पाचशे रुपये अधिक भरले.

मग गाडीत जी चर्चा झाली ती आम्ही पुढच्या आसनावरून ऐकत होतो. एक म्हणाला, आपण थोडेच मागितले होते? त्यानेच दिले. दुसरा म्हणाला, एवढे मोठे चालते दुकान. त्यास पाचशे रुपये म्हणजे समुद्रातून घागर. तिसऱ्याने शंका काढली की वजनात ते दुकानदार आपणांस काय कमी फसवितात! चौथा सर्वांत चतुर निघाला. पैसे आपण वाटून घेऊ नयेत, तर वर्गातील ज्या मुलास सहलीची वर्गणी देता आली नाही त्याच्याकरिता ठेवावे, असे त्याने सुचविले. आणि या सूचनेने सर्वांच्या तोंडावर एकदम समाधान पसरले. आमच्याविषयी सांगावयाचे तर, आम्हीही त्या क्षणी घड्याळाकडेच पाहिले होते. अंधार पडण्यापूर्वी मुले घरी पोचली पाहिजेत, गाडी परत वळविली तर पाऊण तास जाईल, हा विचार आमच्या मनात आला, आणि तो फार सोयीचा वाटला, हे कबूल केले पाहिजे.

इतक्यात मागच्या आसनावरील एका मुलाने विचारले, “सर, गाडी कुठे वळवायची? पुढे नाक्यावर जागा आहे.”

त्याचा प्रश्न पैसे ठेवावे की द्यावे असा नव्हताच. चाललेली चर्चा त्याने बहुधा ऐकली असेल. पण ती कशासाठी चालली आहे, हे त्यास उमगलेले दिसले नाही. पैसे दुसऱ्याचे आहेत, तेव्हा गाडी वळणार. कुठे वळणार एवढेच काय ते ठरावयाचे, असा त्याचा समज होता. गाडी वळली. दुकानात पुढे काय झाले ते यथावकाश सांगू. प्रथम या मुलाच्या प्रश्नाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण आमच्या मते लेखाचा सारा विषय त्यात साठविलेला आहे.

गुन्ह्याच्या कारणांचा विचार करणारे जुने पंडित असे मानीत की मनुष्य हा हिशेबी प्राणी आहे. लाभ किती आणि दंड किती हे तो तोलतो, आणि पारडे ज्या बाजूस झुकेल तिकडे जातो. इटली देशातील बेक्कारिया याने १७६४ साली शिक्षेविषयी जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात शिक्षेच्या क्रूरपणापेक्षा तिच्या निश्चितपणाची जरब अधिक असते, असे प्रतिपादन केले. हे म्हणणे आजही पुष्कळ अंशी खरे ठरते. ज्या रस्त्यावर पोलीस उभा असतो तेथे वाहने निमूटपणे थांबतात आणि पुढच्या चौकात तीच वाहने सिग्नल मोडून जातात, हे कोणी पाहिले नाही? आपल्या भाषेत यास जनाची लाज म्हणतात. जनाची नाही तर मनाची तरी लाज धर, असे आपली वडीलधारी माणसे म्हणतात, तेव्हा नकळत ती एका मोठ्या शास्त्रीय प्रश्नास हात घालीत असतात. कारण घाटावरील गाठोड्यांचा उलगडा हिशेबाने होत नाही. तेथे लाभ आहे, आणि पकडले जाण्याचे भय जवळजवळ नाही. तरी हात पुढे होत नाही.

जनाची लाज किती दूरवर पोचते याचे एक विलक्षण उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर या गावात घरांस दारे व कुलपे न लावण्याची परंपरा प्रसिद्ध आहे. येथे चोरी करणारास शनिदेव तत्काळ शासन करितो, अशी गावकऱ्यांची श्रद्धा. २०११ साली एका बँकेने तेथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिचे मोठे कौतुक केले. तथापि २०१० साली एका भाविकाने आपल्या वाहनातून ऐवज चोरीस गेल्याची तक्रार केली होती, आणि २०१५ साली गावात पोलीस ठाणेही सुरू झाले. यावरून श्रद्धा खोटी ठरली असे कोणी म्हणेल, तर ते घाईचे होईल. बेक्कारियाच्या दृष्टीने पाहिले तर शिंगणापूरच्या रहिवाशास शिक्षा अगदी निश्चित वाटते, म्हणून कुलूप लागत नाही. परंतु हजारो परकी माणसे जेथे रोज येतात, तेथे त्या सर्वांच्या मनात ते भय सारखेच असेल असे कोण सांगणार? भय बाहेरचे असो की दैवी असो, जो ते मानितो त्यालाच ते आवरिते. शिवाय लहान गावात प्रत्येक डोळा ओळखीचा असतो, हेही विसरून चालणार नाही.

मनाची लाज ही याहून निराळी वस्तू आहे. ती कशी काम करिते, याविषयी अलीकडील शास्त्रज्ञांनी जे दाखविले आहे ते सर्वसामान्य समजुतीहून बरेच वेगळे आहे. आपली समजूत अशी की सज्जन मनुष्यास मोह होतो, मग त्याच्या अंतःकरणात सत् व असत् यांचे तुंबळ युद्ध होते, आणि शेवटी सत्पक्ष जिंकतो. नाटकांत व कीर्तनांत हे युद्ध फार रंगते! पण केंब्रिज विद्यापीठातील विकस्ट्रोम नावाच्या स्वीडिश विद्वानाने असा सिद्धांत मांडला की बहुसंख्य माणसांच्या बाबतीत असे युद्ध होतच नाही. प्रसंग समोर आला असता मनुष्यास त्यात कोणते मार्ग दिसतात, हेच मुळी त्याची नीतिमूल्ये ठरवितात. ज्याच्या मनात परक्याच्या वस्तूविषयीचा नियम पक्का मुरलेला आहे, त्यास चोरीचा मार्ग मार्ग म्हणून दिसतच नाही. मोहास आवर घालण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. ज्यास तो मार्ग दिसतो, त्याचाच मग संयमाशी संबंध येतो, आणि त्यालाच शिक्षेच्या भयाचाही उपयोग होतो.

या विद्वानाने व त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील पीटरबरो शहरातील सुमारे ७०० मुलामुलींचा, ती साधारण बारा वर्षांची असल्यापासून, कित्येक वर्षे माग ठेवला. ती काय करितात, कोठे व कोणाबरोबर वेळ घालवितात, कोणती गोष्ट त्यांस वाईट वाटते आणि कोणती वाटत नाही, याची तपशीलवार नोंद केली. २०१२ साली ग्रंथरूपाने जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांतील दोन ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. शेकडा सुमारे १६ मुलांनी एकंदर गुन्ह्यांपैकी शेकडा ६० हून अधिक गुन्हे केले होते. नियमांविषयीची आस्था आणि संयम या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठिकाणी दुर्बळ होत्या. उलट ज्यांची नीतिमूल्ये दृढ होती अशी सुमारे एकतृतीयांश मुले होती, आणि सर्व गुन्ह्यांत त्यांचा वाटा शेकडा एकही भरला नाही. ही मुले संधी मिळाली नाही म्हणून सरळ राहिली असे नव्हे. इतरांना ज्या गोष्टी संधी वाटल्या, त्या यांना तशा वाटल्याच नाहीत.

आता गाडीतील तो मुलगा आठवा. त्याने मोहावर विजय मिळविला म्हणून त्याची पाठ थोपटावी, असे त्या वेळी आमच्या मनात आले होते. आता वाटते की तसे केले असते तर तो गोंधळून गेला असता.

परंतु बाकीच्या मुलांचे काय? ती दुष्ट होती काय? मुळीच नाही, ती चांगल्या घरची, आईबापांनी जपलेली मुले आहेत, आणि त्यांच्यापैकी एकानेही त्या पोराच्या गल्ल्यातून नोट उचलली नसती. मग खिशात आलेली नोट ठेवून घेण्यास ती कशी तयार झाली? याचे उत्तर साइक्स आणि मात्झा या दोघा अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली एका लेखात दिले होते. बालगुन्हेगार हे समाजाची नीती अजिबात न मानणारे वेगळेच प्राणी आहेत, हा समज त्यांनी खोडून काढला. गुन्हा करणारेही बहुधा ती नीती मानितात. फक्त गुन्ह्यापूर्वी तिला थोडा वेळ निजवून ठेवण्याकरिता ते काही वाक्ये मनाशी म्हणतात. माझा काय दोष. कोणाचे काय मोठे नुकसान झाले. ज्याचे गेले तो त्याच लायकीचा आहे. आम्हांस नावे ठेवणारे स्वतः काय करितात. आणि मी हे स्वतःसाठी थोडेच करीत आहे! आमच्या मुलांनी तो लेख वाचलेला नाही याची आम्हांस खात्री आहे. तरी पाचांपैकी चार सबबी त्यांनी शिरोळ येण्यापूर्वीच शोधून काढल्या. पाचवी, म्हणजे मोठी माणसे तरी कोठे नियम पाळितात ही, त्यांच्या ओठांवर होती की काय न कळे. आमचे घड्याळाकडे पाहणे त्यांनी पाहिले असल्यास ती सबब आम्हीच पुरविली म्हणावयाची.

येथे एक भेद केला पाहिजे. प्रत्येक सबब खोटीच असते असे नाही. ज्या वाडीत आम्ही गेलो होतो तेथे नरसिंह सरस्वतींनी बारा वर्षे वास्तव्य केले असे परंपरा सांगते, आणि तेथे गुरुचरित्राचे पारायण नित्य चालते. त्या ग्रंथात वल्लभेश नावाच्या भाविकाची कथा आहे. नवसाचे द्रव्य घेऊन निघालेल्या त्या ब्राह्मणास वाटेत चोर गाठतात, सोबती म्हणून त्याच्याबरोबर चालतात आणि रानात त्याचा वध करितात. श्रीपाद श्रीवल्लभ तेथे प्रगट होऊन चोरांस मारितात. परंतु त्यांतील एकजण शरण येऊन सांगतो की, यांच्या मनात काय आहे हे मला ठाऊक नव्हते. त्यास अभय मिळते. श्रद्धावंत या कथेकडे कृपेची कथा म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. आमचे लक्ष मात्र त्या वाचलेल्या मनुष्याकडे जाते. वाईट सोबतीत पावले टाकीत गेलेला, पण अजून मनाने त्या कृत्यास न पोचलेला असा तो आहे. न्यायालयात आजही याच प्रश्नाचा काथ्याकूट होतो: आरोपीस ठाऊक होते काय? त्याचा हेतू काय होता? अजाणतेपणाची सबब खरी असेल तेव्हा तिला मोल असते. आमच्या खजिनदाराने दुकानात नोट खिशात घातली तेव्हा तो खरोखरच अजाण होता. हिशेब मांडल्याच्या क्षणापासून मात्र तो अजाण राहिला नाही.

कायदाही असाच क्षण ओळखतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत अप्रामाणिकपणे केलेल्या अपहाराचा अपराध सांगितलेला होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात तो कायम आहे. एखादी वस्तू प्रथम सद्भावनेने, आपलीच समजून घेतली, तर तो गुन्हा नव्हे. पण चूक कळून आल्यावरही ती अप्रामाणिकपणे आपलीशी केली, तर तो गुन्हा होतो. हात तोच, नोट तीच, खिसाही तोच. मध्ये बदलली ती केवळ मनातील एक गोष्ट.

रक्कम मोठी असली तर मनुष्य अधिक सहज घसरतो, असे आपण धरून चालतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने या समजुतीस चांगलाच धक्का दिला. ४० देशांतील ३५५ शहरांत, १७,००० हून अधिक पाकिटे, “रस्त्यात सापडले” असे सांगून, बँका, टपालकचेऱ्या, हॉटेले अशा ठिकाणच्या नोकरांच्या स्वाधीन करण्यात आली. भारतातील शहरेही त्यांत होती. काही पाकिटांत पैसे होते, काहींत नव्हते. मालकाचा पत्ता मात्र सर्वांत होता. कोणती पाकिटे अधिक परत आली असावीत? बिनपैशांची शेकडा ४० च्या सुमारास परत आली आणि पैसे असलेली शेकडा ५१ च्या सुमारास. काही देशांत रक्कम आणखी वाढवून पाहिली, तेव्हा परत येण्याचे प्रमाण आणखीच वाढले. अर्थशास्त्राच्या पंडितांनीही आधी उलट भाकीत केले होते! संशोधकांनी याचा जो अर्थ लाविला तो असा की, रिकामे पाकीट टाकून दिले तर मनुष्य स्वतःस आळशी म्हणवून घेईल. पण भरलेले ठेवून घेतले तर त्यास स्वतःस चोर म्हणावे लागते, आणि ते फार थोड्यांस सहन होते. शिवाय ज्याचे गेले त्याची काळजीही मनात येते; पैशांखेरीज पाकिटात किल्ली असली, जिचा उपयोग केवळ मालकालाच होणार, तर ते अधिक वेळा परत आले. मनाची लाज म्हणजे काय, याची इतकी स्वच्छ मोजणी आमच्या पाहण्यात दुसरी नाही. सबबींचे काम तरी दुसरे काय असते? चोर हा शब्द ओठांवर येऊ न देणे, एवढेच.

मग ही मूल्ये येतात कोठून? साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील, तळव्यांस माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामचा प्रसंग महाराष्ट्रातील प्रत्येक घरी ठाऊक आहे. आई हट्ट पुरविते, आणि त्या क्षुल्लक हट्टातूनच मनाच्या स्वच्छतेची गोष्ट काढिते. उपदेश चार शब्दांचा. पण तो हाती आलेल्या प्रसंगास चिकटलेला होता, म्हणून टिकला. पालकांस आम्ही इतकेच सुचवू की, दुकानातून चुकून अधिक आलेली मोड, तिकिटाकरिता सांगितलेले मुलाचे खोटे वय, दारावर नको असलेला मनुष्य आला असता “बाबा घरी नाहीत म्हणून सांग” हा निरोप, ही सर्व शिकवणीचीच तासिका असते, आणि तिला सुट्टी नसते.

मूल्ये रक्तातून येत नाहीत, हे मात्र ठासून सांगितले पाहिजे. कारण याच चुकीने आपल्या देशात एक मोठा अन्याय झालेला आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. कित्येक जमातींतील माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरली. त्यांची नावे नोंदवावयाची, त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही, असा तो प्रकार होता. ज्यास पाळण्यातच चोर म्हटले, त्यास चोर या शब्दाची लाज कशी राहावी? पाकिटांच्या प्रयोगात जी गोष्ट हात आवरिते, तीच या कायद्याने हिरावून घेतली. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी हे फार आधी ओळखिले. त्यांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील ही हजेरीची पद्धत बंद केली, आणि ज्यांना जग चोर म्हणत होते त्या फासेपारध्यांना आपल्या चाकरीत घेऊन पहाऱ्याचे काम सांगितले. चोरावर पहारा ठेवण्याऐवजी पहाराच त्याच्या हाती देणे, ही कल्पना दरबारातील पुष्कळांस धाडसाची वाटली असेल. देशभरातील तो कायदा रद्द व्हावयास मात्र १९५२ साल उजाडावे लागले, आणि जुना संशय त्यानंतरही कित्येकांच्या पाठीस लागून राहिला.

भूक आणि दारिद्र्य यांचा गुन्ह्याशी काही संबंध नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण केवळ दारिद्र्याने गुन्हे होते तर घाटावर एकही गाठोडे शिल्लक राहिले नसते. आणि केवळ श्रीमंतीने ते थांबते तर बँका बुडविणारे लोक गरीब असते.

एकदा गुन्हा केलेल्या मनुष्याच्या ठिकाणी ही मनाची लाज पुन्हा जागी होऊ शकते काय? या प्रश्नाची परीक्षाही आपल्याच भागात झाली. आज सांगली जिल्ह्यात असलेले आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होते. तेथे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकीर्दीत, १९३९ साली, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेने स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. तिला भिंत नव्हती. खुनासारख्या गुन्ह्याकरिता दीर्घ शिक्षा भोगणारे कैदी तेथे बायकामुलांसह राहावेत, माळरानावर शेती करावी आणि आपल्या कष्टावर जगावे, अशी योजना होती. पळून जावयाचे तर रात्रभर चालले की झाले. तरी वसाहत मोडली नाही. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पण स्वतंत्रपूर राहिले. याच प्रयोगावरून आटपाडीच्याच परिसरातील ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली आणि कोल्हापुरात जन्मलेल्या व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढिला. त्यास पुढील वर्षी बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. सहा कैद्यांचे ते बारा हात, आणि तुरुंगाधिकाऱ्याचे दोन डोळे. आरंभी कैदी त्या डोळ्यांस भितात, म्हणजे ती जनाची लाज झाली. पण शेवटी अधिकारी मरण पावतो. आता पाहणारे कोणी उरलेले नाही, तरी ते कैदी तेथून जात नाहीत. चित्रपटातील गोष्ट रंगविलेली असते हे आम्ही जाणतो. स्वतंत्रपुरातही निवडक, चांगल्या वर्तणुकीचे कैदीच पाठविले जात, आणि पळून जाणाऱ्याच्या पुढे बंद तुरुंग होताच, हेही सांगणे आवश्यक आहे. परंतु केवळ भयाने तेथील प्रत्येक रात्रीचा खुलासा होत नाही. बायको चुलीपाशी आहे, मूल शाळेस जात आहे, पेरलेले उगवून आले आहे, आणि कोणीतरी आपणांवर विश्वास टाकिला आहे. अशा मनुष्यास पळून जाण्याचा मार्ग हळूहळू दिसेनासा होत असला पाहिजे.

आता राहिलेली हकीकत. गाडी वाडीस परत पोचली तेव्हा दिवे लागले होते आणि आरतीची घंटा चालू होती. दुकानात गर्दी ओसरली होती. दुकानाचे मालक गल्ला मोजीत होते आणि तो पोरगा बाजूस, हात मागे बांधून, उभा होता. खजिनदाराने नोट पुढे केली व झालेला प्रकार सांगितला. मालकांनी नोट घेतली, आमचे आभार मानिले, आणि मग सहज, जणू काही विशेष नाही अशा स्वरात म्हणाले, “बरे झाले आलात. याच्या पगारातून वळते करणार होतो.”

परतीच्या वाटेवर गाडीत फारसे कोणी बोलले नाही. ज्याने समुद्रातून घागर म्हटले होते, तो खिडकीबाहेर पाहत होता. जयसिंगपूर आले तेव्हा त्याने एकदाच आम्हांस विचारले की, त्या पोराचा पगार महिन्यास किती असेल. आम्हांस ते ठाऊक नव्हते. मागच्या आसनावरचा मुलगा केव्हाच झोपी गेला होता.